साखळी

आखू मुळं घेऊन येतो ते दिवस ठरलेले:
पानं झडल्यावर,
जमीन दगड व्हायच्या आत.
रेबगोंगहून शिनिंगला येणाऱ्या बसमध्ये
मांडीवर पोतं, पोत्यावर हात,
आणि भिजल्या वाटाण्यांसारखे टरारलेले
हाताचे सांधे.

‘राम्न्ये,’ तो म्हणतो. एवढंच.
जणू पाहुण्याची ओळख करून देतोय.
मी वहीत लिहिते: नमुना सतरा,
ओलं वजन दोन किलो शंभर.

मग आमचं सुरू होतं.
उकळत्या पाण्यात तीन तास, पुन्हा तीन तास.
गाळायचं, आटवायचं.
रंग काढून टाकायचा, प्रथिनं काढून टाकायची,
माती तर पहिल्या धुण्यातच गेलेली.
शेवटी गार मद्य ओतायचं, चौपट,
आणि ढवळणं थांबवलं की
काचेच्या पोटात काहीतरी पांढरं उतरू लागतं.
आधी धूर,
मग पिंजलेली लोकर,
मग तळाशी बसतं ते
चढण चढून आलेल्या माणसासारखं.

ही बहुशर्करा.
साखरेचा हात साखरेनं धरत गेलेली
लांबच लांब साखळी,
मध्येच फांद्या फुटलेली, स्वतःभोवती गुरफटलेली.
गोड मात्र नाही.
आखूनं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले
(साठ वर्षं तो चवीवरून झाड सांगतो)
आणि म्हणाला,
‘इथे कुणी राहत नाही.’

मग जरा रागावूनच:
‘दुधात शिजवायची असते ती.
कढवलेलं लोणी, मध.
आणि आधी घेणाऱ्याची नाडी बघायची.’
‘आखू, उंदराची नाडी बोटात मावत नाही.’

उंदरांच्या पंजाला आम्ही सूज आणतो
समुद्री शेवाळातून काढलेला गोंद टोचून.
तीसुद्धा बहुशर्कराच, खाऱ्या पाण्यातली.
एक साखळी पेटवते, दुसरी विझवते,
आणि मी दर तासाला पंजा मोजते,
मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत.

हे ऐकून तो खोकला येईस्तोवर हसला.
‘अगं, आपल्या खिंडीवरच्या कड्यात शिंपले निघतात.
लहानपणी गळ्यात घालून हिंडायचीस.
समुद्रच वर येऊन बसलाय आपल्याकडे.
म्हणजे भांडण घरातलंच की.’

मग हसू ओसरलं.
‘किती आहेत?’
‘अठ्ठेचाळीस.’

प्रवेश बंद लिहिलेल्या दारापाशी,
अग्निशामक नळकांड्याशेजारी,
तो जमिनीवर बसला आणि माळ काढली.
एकशे आठ नाही. मोजून अठ्ठेचाळीस.
रखवालदार दोनदा येऊन बघून गेला,
तिसऱ्यांदा गरम पाणी ठेवून गेला.

सूज उतरली.
थोडी. चौथ्या तासाला,
मोठी मात्रा दिलेल्यांत.
हान बाईंनी आलेख तिरका धरून पाहिला,
‘चांगलं आहे,’ म्हणाल्या, ‘पुन्हा करा.’

बस सुटताना मी आखूची बोटं हातात घेतली.
गरम होती.
‘तू का घेत नाहीस हे औषध?’
‘ही सूज खणण्याची आहे, युडोन.
खणणं सोडलं की उतरेल.
त्याला औषध कशाला?’
आणि पुढच्या वर्षी किती पोती लागतील
ते विचारून खिडकी लावून घेतली.

रात्री पोतं झटकताना एक मूळ सापडलं,
वजनात न धरलेलं, करंगळीएवढं,
मातीसकट.
वसतिगृहाच्या विजेच्या किटलीत
दूध ओतून शिजवलं.
दूध करपलं, खाली साय चिकटली,
खोलीतली सोबतीण नाक धरून बाहेर गेली.
तरी प्यायले.
तुरट, मग चिकट, मग बऱ्याच वेळानं
घशाशी काहीतरी गोडसर,
दार किलकिलं करून बघणारं.

फोन लावला. तिकडे वारा, कुत्री.
म्हटलं, आखू, राहतं कुणीतरी.
तो म्हणाला, ‘मध घातलास?’
नव्हता.
‘मग काय प्यायलीस!’